ठरलेली तारीख आणि अपुरे यंत्र : आर-१०१ वायुनौकेचा अपघात (१९३०) व त्याचे महाराष्ट्राशी असलेले धागे

प्रस्तावना

मराठीत विमानविद्येच्या इतिहासाचा विषय निघाला की चर्चा बहुधा शिवकर बापूजी तळपदे आणि १८९५ सालची गिरगाव चौपाटी यांच्यापाशी येऊन थांबते. तळपदे यांनी मानवरहित विमान उडविल्याची कथा लोकप्रिय आहे. तिला आधार देईल असा समकालीन ठोस पुरावा मात्र पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा हवाला या संदर्भात दिला जातो, त्याची तपासणी बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निर्वाळा त्यांनी दिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे देहावसान ज्या धुळ्यात झाले, त्या जिल्ह्यात नरडाण्यासारख्या ठिकाणी इतिहास शिकविणाऱ्याने तरी अस्सल साधनाचा आग्रह सोडू नये. खेदाची बाब अशी की, या कथेच्या गलबल्यात महाराष्ट्राच्या भूमीशी खरोखर संबंध असलेले, कागदोपत्री सिद्ध असलेले धागे मात्र दुर्लक्षित राहिले.

असे दोन धागे एका अपघातात एकत्र येतात. ५ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे इंग्लंडहून कराचीकडे निघालेली 'आर-१०१' ही प्रचंड वायुनौका फ्रान्समधील बोव्हे या गावाजवळ कोसळून जळाली. तीत मृत्यू पावलेल्यांमध्ये ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन होते, त्यांचा जन्म नाशिकचा. नागरी उड्डाण विभागाचे संचालक सर सेफ्टन ब्रॅन्कर होते. त्यांनी १९११ मध्ये औरंगाबादजवळ लष्करी कवायतींत विमानातून टेहळणी केली होती. त्या काळी सिंध प्रांत मुंबई इलाख्यात असल्यामुळे वायुनौकेचे गंतव्यस्थान कराची हेही मुंबई सरकारच्याच कक्षेत होते.

आर-१०१ ही नोंदणीने नागरी वायुनौका होती, हे खरे आहे. तथापि तिची बांधणी सरकारी हवाई मंत्रालयाने केली, तिच्यावरील प्रमुख अधिकारी सेनादलांतून आलेले होते आणि १९२४ मध्ये आखलेल्या मूळ योजनेत अशा नौकेतून २०० सैनिक किंवा पाच लढाऊ विमाने वाहून नेण्याची क्षमता अपेक्षित होती. साम्राज्याच्या दूरच्या भागात फौज लवकर पोहोचविणे हा हेतू त्यात उघड आहे. म्हणून आरंभकालीन लष्करी उड्डाण-अपघातांच्या मालिकेतच या घटनेचा विचार करणे प्रस्तुत लेखकाला योग्य वाटते.

औरंगाबादच्या माळावरील टेहळणी

ब्रिस्टल येथील ब्रिटिश अँड कलोनियल एरोप्लेन कंपनीने १९१० च्या अखेरीस आपली विमाने विक्रीच्या हेतूने हिंदुस्थानात पाठविली. हेन्री जुलेरो हे फ्रेंच वैमानिक त्यांच्याबरोबर आले होते. विमानाचा प्रकार 'बॉक्सकाइट', म्हणजे पेटीच्या आकाराच्या पतंगासारखा : लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, एकावर एक असे दोन पंख आणि मागील बाजूस इंजिन. वैमानिक व सहप्रवासी यांना कोणताही आडोसा नसे. कलकत्त्यात या विमानाची प्रात्यक्षिके झाली तेव्हा तोफखान्यातील अधिकारी कॅप्टन विल्यम सेफ्टन ब्रॅन्कर तेथे होते. त्यांना या यंत्राचे वेड लागले, असे म्हणावयास हरकत नाही.

जानेवारी १९११ मध्ये औरंगाबाद परिसरात, म्हणजे तत्कालीन निजामाच्या राज्यातील व आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या भागात, घोडदळाच्या कवायती झाल्या. जनरल रिमिंग्टन यांच्या बाजूने या विमानाचा उपयोग करण्यात आला. विमान चालविले जुलेरो यांनी आणि निरीक्षक म्हणून बसले ब्रॅन्कर. प्रतिपक्षाच्या तुकड्या कोठे आहेत हे आकाशातून पाहून ब्रॅन्कर यांनी परत येऊन सेनापतींना वृत्तान्त सादर केला. घोडेस्वारांच्या टेहळणी पथकांना ज्या कामास बराच काळ लागला असता ते काम एका उड्डाणात झाले. हिंदुस्थानात विमानाचा लष्करी कामासाठी झालेला हा अगदी आरंभीचा प्रयोग होय. अलाहाबाद ते नैनी हे सुप्रसिद्ध टपाल-उड्डाण १८ फेब्रुवारी १९११ रोजी झाले. त्याची आठवण टपाल खात्याने जपली; औरंगाबादच्या उड्डाणाची नोंद मात्र ब्रिटिश हवाई इतिहासाच्या ग्रंथांतच राहिली. मराठवाड्याच्या स्थानिक इतिहासलेखनात तिला स्थान मिळावयास हवे.

या प्रयोगाचे तात्कालिक फळ फारसे मिळाले नाही. सीतापूर येथे लष्करी उड्डाणाची शाळा निघाली ती तीन वर्षांनी, आणि तीही पहिल्या महायुद्धामुळे लवकरच बंद पडली. ब्रॅन्कर मात्र या वाटेने पुढे गेले. महायुद्धकाळात ते हवाई दलाच्या प्रशासनात वरच्या पदांवर पोहोचले आणि १९२२ पासून नागरी उड्डाण विभागाचे संचालक झाले.

आरंभीचे मृत्यू व त्यांतून घेतलेले दोन धडे

विमान अपघातात मृत्यू पावलेली पहिली व्यक्ती सैनिकच होती, ही वस्तुस्थिती येथे लक्षात घेतली पाहिजे. अमेरिकी लष्कराने राइट बंधूंशी १९०८ च्या आरंभी विमानखरेदीचा करार केला होता. दोन माणसांना घेऊन एक तास उडण्याची व ताशी ४० मैल वेग गाठण्याची अट त्यात होती. ठरल्याप्रमाणे ऑरव्हिल राइट यांनी वॉशिंग्टनजवळील फोर्ट मायर येथे चाचण्या सुरू केल्या. १७ सप्टेंबर १९०८ रोजी त्यांच्यासोबत लेफ्टनंट थॉमस सेल्फरिज बसले. सेल्फरिज सव्वीस वर्षांचे होते आणि अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या उड्डाण-प्रयोग मंडळाचे चिटणीस होते. त्यांना या विद्येची चांगली जाण होती. उड्डाण चालू असताना एका पंख्याचे पाते तडकले. ते मागच्या सुकाणूला आधार देणाऱ्या तारेवर आदळले, तार सुटली आणि विमान नाकावर कोसळले. ऑरव्हिल यांचा पाय व बरगड्या मोडल्या. सेल्फरिज यांच्या कवटीला जबर इजा झाली व त्याच संध्याकाळी त्यांचे निधन झाले.

पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. लष्कराने करार रद्द केला नाही आणि चाचणी लगेच घेण्याचा हट्टही धरला नाही. कारणाची तपासणी झाली, पंखे व सुकाणूच्या आधाराची रचना सुधारण्यात आली आणि मुदत नऊ महिन्यांनी वाढविण्यात आली. जुलै १९०९ मध्ये चाचण्या पूर्ण झाल्या, मग विमान विकत घेण्यात आले. येथे यंत्र तयार होईपर्यंत तारीख थांबली.

ब्रिटनमध्ये एक वेगळी परंपरा निर्माण झाली. ५ जुलै १९१२ रोजी कॅप्टन युस्टेस लोरेन व स्टाफ सार्जंट रिचर्ड विल्सन हे रॉयल फ्लाइंग कोअरचे दोघे जण स्टोनहेंजजवळ विमान कोसळून ठार झाले. त्याच दिवशी संध्याकाळी उड्डाणे चालू राहतील, असा हुकूम निघाला. सहकाऱ्यांचे धैर्य खचू नये हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे, आणि ती प्रथा पुढे अभिमानाने सांगितली गेली. मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एकपंखी विमानांचे अपघात एकापाठोपाठ झाल्यावर ब्रिटिश लष्कराने त्या प्रकारच्या विमानांवर काही महिने बंदी घातली, हेही नोंदविले पाहिजे. म्हणजे थांबणे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. धीर आणि तपासणी या दोन्ही गोष्टी १९१२ च्या ब्रिटिश लष्करात एकत्र नांदत होत्या. १९३० मध्ये यांपैकी कोणती गोष्ट वरचढ ठरली, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

नाशिकमध्ये जन्मलेले हवाईमंत्री

क्रिस्टोफर बर्डवूड थॉमसन यांचा जन्म १३ एप्रिल १८७५ रोजी नाशिक येथे झाला. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा होऊन त्या वेळी जेमतेम सहा वर्षे झाली होती. १८६९ मध्ये खानदेश व अहमदनगर या जिल्ह्यांचे काही भाग घेऊन तो तयार करण्यात आला होता. वडील इंजिनिअर पथकातील लष्करी अधिकारी. आई बर्डवूड घराण्यातील. मुंबईच्या भायखळ्यातील वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत ज्यांचा वाटा मोठा, ते बेळगावात जन्मलेले सर जॉर्ज बर्डवूड याच घराण्याचे. तीन पिढ्या मुंबई इलाख्यात चाकरी केलेल्या अँग्लो-इंडियन कुळाची ही शाखा होय.

थॉमसन यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. ते रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाले, बोअर युद्धात लढले, महायुद्धात रुमानियात लष्करी कामगिरीवर होते आणि ब्रिगेडिअर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. युद्धानंतर त्यांनी सैन्य सोडले व मजूर पक्षात प्रवेश केला. रॅमसे मॅक्डोनल्ड यांचे ते निकटचे स्नेही. १९२४ च्या पहिल्या मजूर मंत्रिमंडळात ते हवाईमंत्री झाले आणि सरदारकी घेताना त्यांनी 'कार्डिंग्टन' हे नाव आपल्या किताबाला जोडले. कार्डिंग्टन म्हणजे बेडफर्डजवळील सरकारी वायुनौका कारखान्याचे गाव. माणसाने आपले नाव एखाद्या प्रकल्पाशी इतके बांधून घ्यावे का, हा प्रश्न आज मनात येतो.

१९२४ च्या योजनेनुसार दोन वायुनौका बांधावयाच्या होत्या. आर-१०० चे काम व्हिकर्स कंपनीच्या उपकंपनीकडे देण्यात आले. बार्न्स वॉलिस हे तिचे रचनाकार होते. आर-१०१ सरकारने स्वतः कार्डिंग्टन येथे बांधावयाची ठरविली. खाजगी व सरकारी अशी ही उघड स्पर्धा होती. इंग्लंड, इजिप्तमधील इस्माइलिया आणि कराची असा मार्ग आखण्यात आला. कराचीत वायुनौका बांधण्यासाठी मनोरा व तिला सामावून घेणारी अवाढव्य शेड उभारण्यात आली. बोटीने हिंदुस्थानात पोहोचण्यास सुमारे दोन आठवडे लागत. वायुनौकेने ते काम थोड्या दिवसांत होईल, असा हिशेब होता. थॉमसन १९२९ मध्ये पुन्हा हवाईमंत्री झाले तेव्हा योजना आधीच लांबलेली होती. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्यानंतर त्या पदासाठी थॉमसन यांचे नाव घेतले जात होते. वायुनौकेतून कराचीत उतरणारा भावी व्हाइसरॉय, हे चित्र त्या काळच्या साम्राज्यवादी मनाला किती सुखद वाटत असेल!

यंत्राची स्थिती

आर-१०१ ने पहिले उड्डाण १४ ऑक्टोबर १९२९ रोजी केले. तिच्यातील दोष त्याच वर्षी स्पष्ट झाले. उष्ण प्रदेशात पेट्रोल धोकादायक ठरेल या भीतीने तिला पाच डिझेल इंजिने बसविण्यात आली होती. ती फार जड होती. सांगाडाही अपेक्षेपेक्षा जड झाला. परिणामी इंधन, माणसे व सामान यांसाठी सुमारे ६० टन वजन उचलण्याची अपेक्षा असताना प्रत्यक्षात ३५ टनांच्या आसपासच क्षमता हाती आली. एवढ्यावर हिंदुस्थान गाठणे शक्य नव्हते.

मग उपाय सुरू झाले. नौकेच्या पोटात हायड्रोजन वायूने भरलेल्या मोठ्या पिशव्या होत्या. त्यांना धरून ठेवणारे तारांचे जाळे सैल करण्यात आले, म्हणजे पिशव्या अधिक फुगतील व अधिक वजन उचलतील. पण फुगलेल्या पिशव्या सांगाड्यावर घासू लागल्या आणि त्यांना भोके पडू लागली. जून १९३० मध्ये मनोऱ्याशी बांधलेल्या अवस्थेतच बाह्य आच्छादनाचे कापड लांबवर फाटले. त्याच महिन्यातील हेंडन येथील प्रदर्शनाच्या उड्डाणात वायूची गळती इतकी झाली की नौका जड होऊन खाली येऊ लागली. तपासणी अधिकारी मॅकवेड यांनी जुलैच्या आरंभी वरिष्ठांना लेखी कळविले की, पिशव्यांचे घर्षण रोखण्यासाठी सांगाड्यावर बसविलेल्या गाद्या समाधानकारक नाहीत आणि अशा स्थितीत उड्डाणाची परवानगी वाढविण्याची शिफारस आपण करू शकत नाही. हे पत्र या प्रकरणातील सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते कार्डिंग्टन येथेच परत पाठविले गेले व आणखी गाद्या बसवून प्रश्न मिटविण्यात आला.

जुलैअखेर नौका मधोमध कापून तीत एक नवा खण बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. लांबी ७३२ फुटांवरून ७७७ फूट झाली. इतका मोठा बदल केल्यानंतर नव्याने कसून चाचण्या घेणे आवश्यक होते. प्रत्यक्षात १ ऑक्टोबर १९३० रोजी सुरू झालेले, सुमारे १७ तासांचे एकच उड्डाण झाले. हवा शांत होती. एका इंजिनाचा तेल थंड करणारा भाग निकामी झाल्यामुळे पूर्ण वेगाची चाचणी घेताच आली नाही. वादळी हवेत पूर्ण वेगाने ही नौका कशी वागेल, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. तरीही उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र प्रस्थानाच्या तोंडावर देण्यात आले.

मुहूर्त

एवढी घाई कशासाठी? लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९३० पासून साम्राज्य परिषद भरली होती. तीत हवाई दळणवळणाचा विषय यावयाचा होता आणि थॉमसन यांना २० ऑक्टोबरपर्यंत हिंदुस्थानला जाऊन परत यावयाचे होते. पुढच्या महिन्यात पहिली गोलमेज परिषद होती. आर-१०० ही स्पर्धक नौका जुलै-ऑगस्टमध्ये कॅनडाला जाऊन सुखरूप परतली होती; सरकारी नौका मागे पडल्याची टोचणी होतीच.

हिंदुस्थानातील परिस्थितीकडे पाहिले तर या घाईला आणखी एक परिमाण प्राप्त होते. मिठाचा सत्याग्रह मार्चमध्ये सुरू झाला होता आणि ऑक्टोबरमध्ये महात्मा गांधी पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. थॉमसन यांच्या जन्मगावी, नाशिकला, २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. त्या सत्याग्रहाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने निघाले, तो दिवस ४ ऑक्टोबर १९३०. त्याच दिवशी संध्याकाळी आर-१०१ ने कार्डिंग्टन सोडले. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्याला अधिक अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. पण हिंदुस्थानचे प्रश्न घेऊन बोट लंडनकडे निघाली असता ब्रिटिश सामर्थ्याचे प्रदर्शन घेऊन वायुनौका उलट दिशेने निघाली होती, एवढे म्हणता येते. वायुनौकेच्या सहा प्रवाशांत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून स्क्वाड्रन लीडर ओ'नील होते. भारतीय नाव एकही नव्हते.

घाईची जबाबदारी कोणाची, याबाबत दोन कागद परस्परांशेजारी ठेवून वाचावे लागतात. जुलै १९३० मधील एका टिपणीत थॉमसन यांनी हिंदुस्थान-उड्डाणाचा कार्यक्रम पाळला जावा असा आग्रह धरला आणि आपण त्यानुसार पुढचे बेत आखले आहेत, असे लिहिले. सप्टेंबरअखेरची ती तारीख पुढे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यावर गेली. याउलट प्रस्थानाच्या दोन दिवस आधी झालेल्या बैठकीत त्यांनीच अधिकाऱ्यांना सांगितले की, आपल्या अधीरतेचा परिणाम त्यांनी स्वतःच्या निर्णयावर होऊ देऊ नये. पहिला कागद वाचून थॉमसन यांना दोषी ठरविणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांत आर-१०० च्या गटात काम केलेले कादंबरीकार नेव्हिल शूट अग्रभागी आहेत. त्यांचे आत्मचरित्र वाचनीय आहे, पण ते प्रतिस्पर्ध्याचे कथन आहे हे विसरता कामा नये. दुसरा कागद वाचून थॉमसन यांना निर्दोष ठरविणेही तितकेच चूक होईल. ज्याच्या हाती बढती आणि प्रकल्पाचे भवितव्य आहे, अशा वरिष्ठाने जुलैत लेखी आग्रह धरावा व ऑक्टोबरमध्ये तोंडी मोकळीक द्यावी, यातून हाताखालच्या माणसाने काय समजावे? लेखी आज्ञेचे वजन तोंडी सवलतीपेक्षा नेहमीच अधिक असते. कार्यालयीन व्यवहार ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगावयास नको.

वायुनौका विकास विभागाचे संचालक कोल्मोर, रचनाकार रिचमंड, अनुभवी मेजर स्कॉट, कप्तान फ्लाइट लेफ्टनंट अर्विन हे सर्व जाणकार होते. यांपैकी कोणीही 'नौका तयार नाही, जाऊ नये' असे निःसंदिग्ध शब्दांत लिहून दिले नाही. हे चौघेही त्या नौकेतून गेले आणि चौघेही मृत्यू पावले. त्यांनी आपल्या जिवापेक्षा नोकरी जपली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. संकटाला सामोरे जाण्याची सवय असलेल्या माणसांना शंका बोलून दाखविणे भित्रेपणाचे वाटते, हेच कारण अधिक संभवनीय आहे. १९१२ च्या त्या संध्याकाळच्या हुकुमाची ही दुसरी बाजू होय. ब्रॅन्कर यांनाही या प्रवासाबद्दल शंका होत्या, असे त्यांच्या परिचितांनी पुढे सांगितले. ते १९२४-२५ मध्ये ॲलन कोबम यांच्या विमानातून रंगूनपर्यंत जाऊन आले होते. हिंदुस्थानचा हवाई मार्ग त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होता. तेही गेले.

४-५ ऑक्टोबरची रात्र

संध्याकाळी ६ वाजून ३६ मिनिटांनी नौका मनोऱ्यापासून सुटली. वर चढण्यासाठी तिला आरंभीच सुमारे चार टन पाणी टाकून द्यावे लागले. नौकेत एकूण ५४ माणसे होती. इस्माइलिया येथे नौकेतच मेजवानी व्हावयाची होती, त्यासाठी सामान घेतले होते. मंत्र्यांच्या सामानात एक जड गालिचाही होता. प्रस्थानानंतर हवामानाचे अंदाज बिघडत गेले. पावसाने भिजलेले आच्छादन आणि समोरून येणारा वारा अशा स्थितीत नौकेने इंग्लिश खाडी ओलांडली. प्रवासी जेवण करून, धूम्रपान करून झोपावयास गेले आहेत, असा बिनतारी संदेश मध्यरात्रीच्या सुमारास आला. हायड्रोजनने भरलेल्या नौकेत धूम्रपानाची स्वतंत्र खोली होती, हे वाचून आज आश्चर्य वाटते.

पहाटे दोन वाजता पहारा बदलला. त्यानंतर काही मिनिटांतच नौकेचे नाक खाली गेले. ते एकदा सावरले आणि पुन्हा खाली गेले. मुख्य सुकाणूदार हंट यांनी झोपलेल्या सहकाऱ्यांकडे धावत जाऊन आपण जमिनीवर येत असल्याची सूचना दिली. स्वतः मात्र ते वाचले नाहीत. दोन वाजून नऊ मिनिटांच्या सुमारास आलोन या खेड्याजवळ, वनाच्या कडेला, नौका जमिनीला टेकली. आघात तसा मंद होता. माणसे मेली ती आगीने. सशांसाठी फासे लावावयास आलेला एक स्थानिक कामगार हा या घटनेचा बाहेरचा साक्षीदार ठरला. ४६ जण जागीच गेले, दोघे नंतर रुग्णालयात. सहा जण वाचले. वाचलेल्यांत एकही अधिकारी वा प्रवासी नव्हता. अनेक देहांची ओळख पटली नाही. म्हणून सर्वांना कार्डिंग्टनच्या दफनभूमीत एकाच कबरीत ठेवण्यात आले. नाशिकमध्ये जन्मलेले थॉमसन आणि औरंगाबादच्या आकाशातून शत्रूचा ठाव घेणारे ब्रॅन्कर तेथेच आहेत.

चौकशी

चौकशीचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली ती सर जॉन सायमन यांची. मराठी वाचकाला हे नाव निराळ्या कारणाने परिचित आहे. १९२८ मध्ये 'सायमन परत जा' या घोषणांनी ज्यांचे मुंबईत स्वागत झाले, तेच हे सायमन. त्यांच्या आयोगात एकही भारतीय सदस्य नव्हता म्हणून आपण त्यांना नाकारले. ते योग्यच होते. वायुनौकेच्या चौकशीत मात्र त्यांनी विधिज्ञाची शिस्त दाखविली, हे मान्य करावयास हवे. मूर-ब्रॅबझन हे जुने वैमानिक आणि केंब्रिजचे प्राध्यापक इंग्लिस हे अभियंते त्यांच्या साहाय्यास होते. वाचलेल्यांच्या साक्षी झाल्या, हालचालींची गणिते मांडण्यात आली.

१९३१ च्या वसंतात प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा आशय असा की, पुढच्या भागातील आच्छादन फाटून वायुपिशव्यांतून गळती झाली असावी आणि त्यामुळे नाक जड होऊन नौका खाली आली. पण अहवालाचे महत्त्व एवढ्यापुरते नाही. सार्वजनिक धोरणाच्या कारणांसाठी हे उड्डाण अत्यंत इष्ट मानले गेले नसते, तर नौका त्या वेळी हिंदुस्थानकडे निघालीच नसती, असे त्यात सभ्य शब्दांत म्हटले आहे. दोष कोणा एकाच्या माथी मारलेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हा सभ्यपणा थोडा अधिकच झाला. मॅकवेड यांचे पत्र कोणाच्या टेबलावर, कोणत्या दिवशी निष्प्रभ झाले, याचा निवाडा अधिक स्पष्ट करता आला असता.

या अपघाताने ब्रिटिश वायुनौका कार्यक्रमच संपला. कॅनडाला जाऊन आलेली आर-१०० देखील १९३१ मध्ये मोडीत काढण्यात आली. खरे पाहता वायुनौकेची गरजही सरत चालली होती. इम्पिरिअल एअरवेजने इंग्लंड-कराची विमानसेवा मार्च १९२९ मध्येच सुरू केली होती. मुंबईत जुहू येथे १९२८ पासून विमानतळ होता आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला होता. नाशिकपुरते बोलावयाचे तर ओझरच्या मिग कारखान्यामुळे १९६० च्या दशकापासून त्या जिल्ह्याचे नाव विमानांशी कायमचे जोडले गेले. तेथील विद्यार्थ्यांना थॉमसन यांचे नाव सहसा ऐकावयास मिळत नाही.

कराचीतील शेड आर-१०१ ची वाट पाहत तशीच उभी राहिली. स्थानिक लोक तिला 'काला छपरा' म्हणत. कोणतीही वायुनौका तिच्यात कधीही आली नाही आणि पुढे पाकिस्तानच्या काळात ती पाडून टाकण्यात आली. मात्र तत्पूर्वी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी, त्याच परिसरातील ड्रिघ रोड विमानतळावरून टाटा यांनी एक इंजिनाचे 'पस मॉथ' विमान सुरू केले आणि सुमारे २५ किलो टपाल घेऊन अहमदाबादमार्गे ते जुहूला उतरले.